नकार पचवायला शिकवणारी शाळा

‘प्रेम आहे म्हणून तुझा फोन तपासतो’, ‘काळजी वाटते म्हणून त्यांच्याशी बोलू नकोस.’ किशोरवयात असा धाक प्रेमच वाटतो. नात्यातली हिंसा अनेकदा इथूनच सुरू होते; मारहाण पुढे येते. म्हणून निरोगी नात्यांचे शिक्षण लवकर हवे. मुंबईतील महापालिका शाळांत २००८ साली सुरू झालेल्या ‘जेम्स’ उपक्रमात सहावी-सातवीच्या मुलामुलींशी खेळ आणि गटचर्चांतून स्त्री-पुरुष समानता, शरीर आणि हिंसा यांवर संवाद साधला गेला. नकार देणे, नकार स्वीकारणे, राग आवरणे हे सारे सरावानेच जमते. धमकी किंवा बळजबरी झाल्यास मुलांनी विश्वासातल्या मोठ्यांना सांगावे किंवा १०९८ या मोफत बालमदतवाहिनीवर फोन करावा. मोठ्यांनी मात्र मुलांना दोष न देता आधी त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे.