तारे पाहणारा माणूस युद्धावर का बोलत होता?

आपल्या जवळजवळ प्रत्येक खानदानात असे एखादे चाचा किंवा मामू असतातच. निकाहाच्या दावतीत दस्तरखान अंथरेपर्यंत अमेरिकेने काय करायला हवे होते ते त्यांचे सांगून होते. बिर्याणी येईपर्यंत चांद्रयानाच्या खर्चाचा हिशेब होतो आणि हात धुताना 'पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही' यावर बैठक संपते. मुली तोंडावर ओढणी धरून हसतात. आम्हीही हसलो आहोत. पण परराष्ट्र धोरण, अंतराळ आणि हवामान या तिन्हींवर आयुष्यभर बोलत राहिलेल्या एका माणसाविषयी वाचले, तेव्हा चाचांचे तीन विषय एकमेकांपासून तितके दूर नाहीत हे आमच्या ध्यानात आले.

हा माणूस म्हणजे अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील रशियन साम्राज्यातून पोटासाठी आलेले, कपडे शिवण्याच्या धंद्यात काम करणारे. १९८० साली आलेल्या 'कॉसमॉस' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे सेगन यांचे नाव जगभर झाले. ताऱ्यांचे शास्त्र शिकलेल्या माणसाने लढायांच्या गोष्टी कशाला कराव्यात, असा टोमणा त्यांना नेहमी ऐकावा लागे.

त्याचे उत्तर शुक्र ग्रहावर सापडते. पहाटे किंवा संध्याकाळी दिसणारा हा सुंदर ग्रह आतून कसा असेल याचे तेव्हा केवळ अंदाज होते. कोणी तिथे दलदल आहे म्हणे, कोणी समुद्र. १९६० साली डॉक्टरेटच्या अभ्यासात सेगन यांनी मांडले, की शुक्राभोवतीची कार्बन डायऑक्साइडची हवा दुलईसारखी उष्णता धरून ठेवत असली पाहिजे आणि त्याची जमीन भट्टीसारखी तापलेली असली पाहिजे. १९६२ च्या डिसेंबरात 'मरीनर २' हे यान शुक्राजवळून गेले आणि ग्रह खरोखर तापलेला आढळला. तिथे सुमारे ४६० अंश सेल्सियस तापमान आहे. शिसेसुद्धा वितळून जाईल. म्हणजे आपल्या हवेच्या चिंतेचा धडा या माणसाने आधी दुसऱ्या ग्रहावर वाचला होता.

पुढे १९८३ मध्ये सेगन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. अणुयुद्धात शहरे पेटली, तर त्या आगीची काजळी आकाशात उंच चढेल, सूर्य झाकोळेल आणि पिके जातील. बॉम्ब ज्यांच्यावर पडलाच नाही ते देशही उपाशी मरतील. यालाच 'अणुहिवाळा' म्हणतात. त्याच वर्षी एका दूरचित्रवाणी चर्चेत त्यांनी अमेरिका आणि रशियाची तुलना पेट्रोलने भरलेल्या खोलीत उभ्या असलेल्या दोन वैऱ्यांशी केली. एकाकडे नऊ हजार काड्या, दुसऱ्याकडे सात हजार, आणि चिंता एवढीच की पुढे कोण आहे! हे पहिले आकडे जरा जास्त कडक होते असे नंतरच्या गणितांत दिसले. मूळ मुद्दा मात्र खोडला गेला नाही. त्या पाच जणांतले ब्रायन टून आणि हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅलन रोबॉक प्रभृतींनी २००७ साली असाच हिशेब भारत-पाकिस्तान युद्ध धरून केला, आणि शंभर लहान बॉम्बही जगभरची थंडी वाढवायला पुरेसे आहेत असे दाखवले. वाघ्याच्या पलीकडचा शेजारी आणि आपण, दोघांचे आकाश एकच.

सेगन फक्त कागदावर लिहून थांबले नाहीत. रशियाने १९८५ पासून अणुचाचण्या एकतर्फी थांबवल्या होत्या. अमेरिकेनेही थांबवाव्यात म्हणून नेवाडाच्या चाचणीस्थळावर निदर्शने झाली, त्यांत त्यांना अटक झाली. अंतराळात शस्त्रे नेण्याच्या रेगन सरकारच्या योजनेलाही त्यांचा विरोध होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हेच सेगन विशीत असताना, १९५८ च्या सुमारास, अमेरिकी हवाई दलाच्या एका गुप्त योजनेत काम करत होते. योजना काय, तर चंद्रावर अणुबॉम्ब फोडायचा, म्हणजे रशियाला तो पृथ्वीवरून दिसेल! धुळीचा ढग कसा पसरेल याचे गणित त्यांच्याकडे होते. बॉम्ब फुटला नाही, योजना गुंडाळली गेली आणि ही हकीकत लोकांना कळली ती त्यांच्या मृत्यूनंतर. चंद्रावर माणूस नेण्याची मोहीमही मुळात विज्ञानासाठी नव्हती, ती अणुशस्त्रांच्या शर्यतीचा भाग होती, असे त्यांनी उतारवयात स्पष्ट लिहिले. आतून पाहिलेला माणूस होता तो. म्हणूनच मंगळावर जायचे तर अमेरिका आणि रशिया यांनी मिळून जावे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांच्याच देखरेखीखाली १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली गेली. तिच्यात ५५ भाषांतले सलाम-नमस्कार आहेत. अरबी आहे, उर्दू आहे आणि आपली मराठीही आहे. आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई या कोल्हापूर दरबारच्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शागीर्द. खाँसाहेबांची तालीम आज ताऱ्यांमधल्या अवकाशात प्रवास करते आहे, हे शेजारपाजारी कोणाला ठाऊक असते? मुलांना अवश्य सांगा.

१९८५ च्या डिसेंबरात सेगन अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसले. कोळसा आणि तेल जाळून हवेत जमणारा वायू पृथ्वी तापवतो आहे. त्याचे भोग आज जाळणाऱ्याला नव्हे, त्याच्या नातवंडांना भोगावे लागतील. आणि अमेरिकेने एकटीने हात आखडून भागणार नाही, कारण कोळशाचे मोठे साठे रशिया आणि चीनकडेही आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे हवामानाचा प्रश्न शेवटी परराष्ट्र धोरणाचाच. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३४५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे.

आता कुवेतकडे वळू, कारण इथे आपल्या घरांचा संबंध येतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथून सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत तेव्हा कमावता माणूस फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी परतला. पुढच्या जानेवारीत युद्ध पेटले. परतणाऱ्या इराकी फौजांनी सहाशेहून अधिक तेलविहिरींना आगी लावल्या.

युद्धाच्या तोंडावर आणि सुरुवातीच्या दिवसांत सेगन यांनी इशारा दिला होता, की हा धूर फार उंच चढला तर दक्षिण आशियातली शेती धोक्यात येईल. म्हणजे ज्या घरांचा कुवेतचा पगार बुडाला, त्यांचाच भातही गेला असता. फ्रेड सिंगर नावाच्या शास्त्रज्ञांनी दूरचित्रवाणीवर त्यांना समोरासमोर उत्तर दिले: धूर थोड्या दिवसांत पावसाने धुऊन जाईल. आखातात भर दुपारी अंधार झाला, तापमान उतरले. पण धूर फारसा उंच गेला नाही. आपल्याकडची शेती वाचली, अल्लाहचा शुक्र. नोव्हेंबर १९९१ पर्यंत सगळ्या विहिरी विझल्या.

सेगन चुकले होते, सिंगर बरोबर ठरले होते. मग यापुढे सिंगर यांचेच ऐकायचे का? हेच सिंगर पुढे माणसामुळे पृथ्वी तापते हे नाकारणाऱ्यांत आघाडीवर राहिले, आणि ते मत टिकले नाही. एका बाबतीत खरे ठरलेल्या माणसाला सगळ्याच बाबतींत पीर मानण्याची सवय आपल्यालाही आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलताना आपण 'कोणी पाठवला' एवढेच पाहतो.

सेगन यांनी काय केले? १९९५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या चुकांची यादीच छापली. शुक्रावरच्या हवेचा दाब आपण फार कमी धरला होता, त्याचे ढग मुख्यत्वे पाण्याचे समजलो होतो, आणि कुवेतच्या धुराबाबत आशियाला वाटलेली भीती खरी ठरली नाही, असे त्यात लिहिले आहे. कोणी मागितली नव्हती ही कबुली. पुढच्याच वर्षी, २० डिसेंबर १९९६ रोजी, त्यांचा इंतकाल झाला.

येत्या दावतीत आम्ही चाचांना विचारणार आहोत, की त्यांची यादी कुठे आहे. बिर्याणी येण्याआधी विचारलेले बरे.