जामीनदाराची सही

मुठा खोऱ्यातल्या माणसाने पतसंस्थेतून कर्ज काढायचं ठरवलं, की जामीनदारासाठी तो आधी भावकीकडेच बघतो. ‘नुसती सही कर’ म्हणत अर्ज पुढे सरकतो. पण कायद्याच्या लेखी ती सही ‘नुसती’ नसते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी कर्जदाराला धरा, मग माझ्याकडे या’ हे म्हणणं कुणालाही रास्त वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1968 साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात ते मान्य केलं नाही. कर्जदार फिरला तर पैसे अडू नयेत, यासाठीच तर जामीन घेतला जातो. शिवाय सहकारी पतसंस्थेला दिवाणी दावा न लावता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळू शकतो.

मग जामीन राहूच नये का? तसं ठरवलं तर तारण नसलेल्या गरजूला कर्ज मिळणं अवघड होईल. माझं म्हणणं इतकंच, की जामीनदाराने आपले हक्कही ओळखावेत. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते, त्याने दिलेल्या तारणावर हक्क सांगता येतो, सहजामीनदाराकडून त्याचा वाटा मागता येतो. जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. मात्र छापील करारनाम्यात हा हक्क आधीच सोडून दिलेला असू शकतो. म्हणून रकमेची जागा कोरी असेल तर सही करू नका, आणि करारनाम्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.