शहाबादी फरशीवरचं झाड खरं का?

आज जरा पायाखाली बघू. लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी हमखास असते. एखाद्या फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. "दगडात झाड अडकलंय" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर देऊ नका.

हा चुनखडक कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद भागातला, भीमा खोऱ्यातला. (आपल्याकडे वर नुसता बेसॉल्ट. किल्लारीत भूकंपानंतर बोअर घेतलं, तर तो ३३८ मीटर निघाला!) उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरांनी साचला, म्हणून ही फरशी इतकी सपाट सुटते. तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. ती आली साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी.

मग ते पान कसलं? थरांमधल्या बारीक फटीत मँगनीज आणि लोह विरघळलेलं पाणी शिरतं. ऑक्सिजन भेटला की त्यांचे ऑक्साइड दगडावर बसतात. जे टोक पुढे आलं, त्याला नवा माल आधी मिळतो, म्हणून ते आणखी वाढतं आणि फांद्या फुटतात. खऱ्या पानाला मधली शीर असते. ही नक्षी बहुतेकदा भेगेतून किंवा कडेवरून सुरू होते. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या 'पिएत्रा पाएझिना' दगडात तर लोहामुळे अख्खे डोंगर आणि पडकी शहरं दिसतात.

आणि प्लीज, अशा फरशीवर ॲसिड ओतू नका. नक्षी म्हणजे वरचा पातळ पापुद्रा. ॲसिडने चुनखडक फसफसतो, विरघळतो, आणि डागाबरोबर तीही जाते. साधा साबण-पाणी बस्स.