न वाचलेलं तेवढंच दिसावं

नागझिऱ्याच्या अभयारण्यात जाऊन आलेला माणूस तिथे वीज नाही, फोनला धड रेंज नाही, हे मोठ्या कौतुकाने सांगतो. दोन दिवसांच्या सहलीला ते शोभतंही. पण पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे, कॅमेरा ट्रॅपचे फोटो तपासणारे, प्रबंधासाठी जंगलात मुक्काम ठोकणारे विद्यार्थी यांचं काय? पिटेझरीच्या फाटकातून बाहेर पडून साकोलीला पोचलं, की साचलेलं सगळं ई-मेलचं टपाल एकदम अंगावर येतं. प्रबंधाच्या गाइडचं पत्र, परवानगीबद्दलची विचारणा, पक्षिमित्रांच्या चर्चेतले ढीगभर संदेश आणि चपलांच्या सेलची जाहिरात, सगळं एकाच रांगेत आणि एकाच ठळक अक्षरांत.

टपाल फार येतं ही खरी अडचण नाही. ते सगळं सारख्याच तोंडाने समोर उभं राहतं, ही आहे. त्यावरचा मला माहीत असलेला सर्वांत शहाणा इलाज एका जुन्या, मुख्यतः कळफलकावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सापडतो. त्याचं नाव ग्नस.

ग्नस हा ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या पोटात चालतो. जपानच्या मासानोबू उमेदा यांनी १९८०च्या दशकात तो पहिल्यांदा लिहिला. नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्टसेन यांनी तो मुळापासून नव्याने रचला आणि ते रूप १९९५मध्ये लोकांपुढे आलं. तेव्हा त्याचं मुख्य काम यूजनेट या जुन्या संगणकी चर्चा-जाळ्यावरचे चर्चागट वाचण्याचं होतं. मराठी माणसालाही यूजनेट परकं नव्हतं. ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा गट होता आणि परदेशातली मंडळी त्यावर रोमन लिपीत मराठी लिहीत.

यूजनेटवर गट हजारोंनी होते. सगळी यादी पडद्यावर आणली तर वाचायचं कधी? म्हणून ग्नसने पहिल्यापासून एक नियम पाळला: ज्या गटात न वाचलेलं काही नाही, तो गट दाखवायचाच नाही. पुढे ई-मेललाही त्याने हाच न्याय लावला. गाइडची पत्रं हा एक गट, वन विभागाची पत्रं हा दुसरा. गटातलं शेवटचं पत्र वाचून तुम्ही बाहेर आलात, की यादी पुन्हा काढताना गटाचं नाव गायब. नवा माणूस इथे हमखास घाबरतो. पत्रं पुसली गेली काय? तसं काही झालेलं नसतं. पाणवठ्यावर आज बिबट्या दिसला नाही, म्हणून तो जंगलातून गेला असं होत नाही. साधा ‘एल’ दाबला की न वाचलेलं असलेले गट दिसतात, शिफ्ट धरून ‘एल’ दाबला की वाचून झालेलेही हजर होतात.

एखादा गट रिकामा असला तरी डोळ्यांसमोर हवा असेल, तर त्याच्या गुणधर्मांत ‘व्हिजिबल’ अशी खूण करून ठेवता येते. आणि एखाद्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून त्यावर ‘टिक’ची खूण केली असेल, तर ते वाचलेलं असूनही त्याचा गट यादीत टिकून राहतो. न सुटलेलं काम नजरेआड होत नाही, ही सोय मला सगळ्यात आवडते.

खरी गंमत मात्र पातळ्यांची आहे. प्रत्येक गटाला १ ते ९ यांपैकी एक पातळी असते. १ ते ५ म्हणजे तुम्ही वर्गणीदार आहात. ६ आणि ७ म्हणजे वर्गणी बंद, पण तुम्ही कुठवर वाचलं होतं याची नोंद शाबूत. ८व्या पातळीवर ‘झाँबी’, म्हणजे नव्याने आलेले आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही अजून काहीच ठरवलेलं नाही असे गट. ९वी पातळी ‘मारलेल्या’, म्हणजे यादीतून काढून टाकलेल्या गटांची. या शेवटच्या दोन पातळ्यांवर वाचल्या-न वाचल्याचा हिशेबच ठेवला जात नाही, त्यामुळे प्रोग्रॅम चटकन सुरू होतो. वर्गणी घेतलेल्या गटाला मुळात ३री पातळी मिळते. ती बदलायची तर आधी ‘एस’ कॅपिटल आणि मग साधा ‘एल’.

याचा उपयोग वेळेनुसार होतो. गाइड आणि वन विभाग १वर, सहकारी २वर, पक्षिमित्रांची चर्चा ४वर ठेवली असं धरा. साकोलीच्या बसस्टँडवर पाच मिनिटंच रेंज मिळाली, तर २ दाबून ‘जी’ दाबायचं. ग्नस फक्त २ आणि त्याखालच्या पातळ्यांचे गट तपासतो, पक्ष्यांची चर्चा संध्याकाळपर्यंत थांबते. व्हॉट्सॲपवर आपण गट काही वेळापुरता किंवा कायमचा म्यूट करतो, नाहीतर अर्काइव्हमध्ये टाकतो. ‘आत्ता फक्त या पातळीपर्यंतचेच गट तपास’ हे सांगायला तिथे जागाच नाही.

गट फार झाले की ‘टी’ दाबून विषयवार मांडणी करता येते. ‘[ जंगल -- १७ ]’ अशी ओळ दिसते. तिच्यावर एंटर मारलं की खालचे गट घडी होतात आणि ओळीपुढे तीन टिंबं उरतात. न वाचलेल्यांचा आकडा मात्र घडी घातल्यावरही दिसत राहतो. कित्येकांना एवढ्यावरच समाधान वाटतं. माझं मत वेगळं आहे: विषय हे पत्र कशाबद्दल आहे ते सांगतात, पातळी ते कधी वाचायचं ते सांगते. आधी पातळ्या लावाव्यात, विषय नंतर.

ग्नस शिकायला कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकदा ठरवून आठवडाभर वापरल्याशिवाय हात बसत नाही. तरीही करून पाहायचं असेल, तर सुरुवातीला तीनच पातळ्या वापरा. जंगलात शिरण्याआधी टपाल उतरवून घ्यायचं असेल, तर त्यासाठी त्यात ‘एजंट’ आहे. फक्त कोणत्या गटांतला मजकूर उतरवायचा, हे त्याला आधी सांगून ठेवा. मूळ मांडणीत तो काहीही उतरवत नाही, आणि हे पिटेझरीचं फाटक ओलांडल्यावर कळून उपयोग नाही.