नीट हुकली, म्हणून आरोग्याची वाट बंद होते का?

नीटचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "सर, पोराला रिपीट करायला लावू का?" नशिराबादहून जळगावला क्लाससाठी रोज ये-जा करून मुलाने दोन वर्षं घातलेली असतात. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा मात्र एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. उरलेल्या मुलांसमोर आपण एक वाट क्वचितच ठेवतो : सार्वजनिक आरोग्य.

हे नेमकं काय? समजा, पावसाळ्यात एकाच गल्लीत जुलाबाचे पेशंट वाढले. डॉक्टर प्रत्येकाला औषध, सलाईन देतील. पण पेशंट त्याच गल्लीत का? पाइपलाइन कुठे फुटली? घरोघरी जाऊन मोजणं, कारण शोधणं आणि साथ थांबवणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम.

उत्तम उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग डॉक्टर असूनही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' संस्था सुरू केली. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेसाठी दुसरी गावंही घेतली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हाच विचार आहे.

यासाठीची पदवी म्हणजे एमपीएच, पदवीनंतर साधारण दोन वर्षांची. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य व्यवस्थापन, आरोग्य धोरण हे विषय असतात. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे ती शिकता येते. बीएस्सी, नर्सिंग, समाजकार्य अशा पदवीनंतरही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. अटी संस्थेनुसार बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका नीट वाचावी.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा. एमपीएच करून डॉक्टर होता येत नाही. पेशंटला औषध लिहून देता येत नाही. काही सरकारी पदांना एमबीबीएसच लागतं. काम मिळतं ते आरोग्य प्रकल्प, संशोधन, स्वयंसेवी संस्था, रुग्णालय व्यवस्थापन इथे.

म्हणून रिपीटची फी भरण्याआधी मुलाला एवढंच विचारा, "तुला पेशंट तपासायचेत, की आजार का पसरतो ते शोधायचंय?" उत्तर दुसरं आलं, तर त्याचं वर्ष वाया घालवायची गरज नाही.