हप्त्याची तारीख

"पडले का गं पैसे?" संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत हा प्रश्न नळावर, किराणा दुकानात आणि सिडकोकडे धुणीभांड्याला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात सारखा ऐकू येतो. मोबाइलवर मेसेज यायला हवा, पण बँकेला दिलेला नंबर नवऱ्याचा असतो, नाहीतर कधीच बंद पडलेला. म्हणून बायका गल्लीतल्या सेवा केंद्रावर येतात. तिथे मी अधूनमधून फॉर्म भरून द्यायला, कागद तपासायला बसते.

पैसे आले की नाहीत हे अंगठा सांगतो. यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवायचा, आधार क्रमांक टाकायचा, खात्यातली शिल्लक पडद्यावर येते. सांगायला एवढं सोपं. पण रोज पाच-सहा घरची भांडी घासणाऱ्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र लाल दिवा दाखवतं. केंद्रातला मुलगा फडक्यानं काच पुसतो, "मावशी, बोट जरा दाबून ठेवा" म्हणतो, मग दुसरं बोट, मग डावा हात. एका बाईनं बोट पदराला पुसलं, केसांवरून फिरवून थोडं तेल लावलं आणि पुन्हा ठेवलं, तेव्हा कुठे लागलं. मागच्या रांगेतल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, जणू पैसे त्यांचेच होते.

१५०० रुपये म्हणजे पाचशेच्या तीन नोटा. बहुतेक जणी त्या घेत नाहीत. "सुटे द्या बापू, शंभर-शंभरचे." पाचशेची नोट घरी गेली की ती कुणा एकाचीच होते, दुकानदाराची किंवा घरमालकाची. शंभराच्या पंधरा नोटांच्या उभ्या-उभ्याच पुड्या होतात: हा गॅसचा, हा पोराच्या ट्यूशनचा, हे भिशीचे. काही जणी त्या वेगवेगळ्या रुमालांत बांधूनच बाहेर पडतात.

ज्या घराबद्दल मी जास्त सांगणार आहे, त्या घरातली बाई अशीच रुमाल बांधणारी. नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. मूळचं घर पैठण तालुक्यातलं, पाचोडच्या बाजूचं. तिथे सासऱ्यांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू, सासू-सासरे तिथेच. नवरा, ती आणि दोन मुलं मुकुंदवाडीत एका खोलीत. तो चिकलठाणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे, ती घरकामाला. अशी अर्धी गावात, अर्धी शहरात असलेली घरं इथे गल्लोगल्ली आहेत. मुकुंदवाडी स्वतःच एक खेडं होतं, सिडको आणि एमआयडीसी वाढत गेली तसं ते शहराच्या पोटात आलं. गावाकडे जाणं-येणं सुरूच राहतं, आणि हलाखीही दोन्हीकडची वाट्याला येते. २०१९ च्या दुष्काळात इथली शाळकरी पोरं रेल्वेगाडीत बसून तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनला जायची आणि कॅन भरून पाणी आणायची, ही बातमी तेव्हा देशाबाहेरही पोचली होती.

या घरात थेट खात्यात येणारा पैसा दोन वाटांनी येतो. सासऱ्यांना पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६०००. सुनेला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिना १५००. जमीन तिच्या नावावर असती आणि शेतकऱ्याचे पैसे तिलाच मिळत असते, तर लाडकी बहिणीचे फक्त ५०० मिळाले असते. सासू ६५ च्या पुढची, म्हणून तिला काही नाही. गावी भाकऱ्या थापणारी, वासरं सांभाळणारी, अजून रोज कामाला जुंपलेली बाई वयाच्या रकान्यात मात्र बसत नाही. मला हे कायम खटकत आलं आहे.

लाडकी बहीण योजना २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाली. फॉर्म भरताना सगळ्यांची दमछाक झाली ती खात्यावरून. बाई ज्या बँकेचं पासबुक फॉर्मला जोडते, पैसे तिथे जातीलच असं नाही. आधार शेवटचा ज्या खात्याला जोडलेला असेल तिथे ते जातात. तिनं पूर्वी कुठल्या तरी बचत गटाच्या वेळी उघडलेलं, विसरून गेलेलं खातं असलं, तर पैसा तिथे जाऊन बसतो आणि बाई इकडे रडकुंडीला येते. त्या पावसाळ्यात किती तरी जणींनी पोस्टाच्या बँकेत नवीन खातं काढलं. काहींच्या पहिल्याच हप्त्यातून बँकांनी जुना दंड कापून घेतला. तसं करू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

ऑगस्टमध्ये जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० आले, सप्टेंबरच्या शेवटी १५००, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागण्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ३००० एकदम. दिवाळीआधी हातात ७५०० रुपये. या घरात एवढी रक्कम एकरकमी, कुणाचं देणं नसलेली, आधी कधी जमली नव्हती. तिनं त्याला हात लावला नाही, किराण्याची उधारी तशीच ठेवली. नवरा-बायकोत त्यावरून बोलाचाली झाली. तो म्हणत होता, फायनान्सचा हप्ता फेडू. ती म्हणाली, "त्ये फिटतंच नाही कधी. मला शेळी घ्यायची." पाचोडच्या बाजारातून गाभण शेळी आणली आणि सासूकडे ठेवली. घरात लक्ष्मी आल्यासारखी सासूनं तिला ओवाळलं, असं ती हसत सांगते. मला त्यात हिशेब दिसला. सासूला योजनेतून काही मिळत नव्हतं, ते सुनेनं शेळीच्या रूपानं दिलं. बोकड विकून आलेल्या पैशातला अर्धा वाटा आज सासूचा असतो, आणि सासू तो सुनेकडून मागून घेते, मुलाकडून नाही.

बाईच्या खात्यात पैसा आल्यानं काय बदलतं, हे मला इथे नीट कळलं. नवरा तिच्याकडे २०० मागतो तेव्हा ती देते, पण कशाला हवेत ते विचारते. आधी विचारायची सोय नव्हती.

पैसा फुकट मिळाला की लोक ऐदी होतात, दारू पितात, हे मी शिकल्या-सवरल्या घरांत पुष्कळदा ऐकते. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं हे तपासून पाहिलं होतं. इंदूर जिल्ह्यातल्या ८ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले, कसलीही अट न घालता. शेजारच्या तशाच गावांशी तुलना केली, तर पैसे मिळालेल्या गावांत दारूचा खर्च वाढलेला नव्हता. वाढल्या होत्या शेळ्या-कोंबड्या, पोरांची शाळेतली हजेरी, आणि दुसऱ्याच्या मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात राबण्याचे दिवस. पाचोडच्या बाजारात ती शेळी घेणाऱ्या बाईला या प्रयोगाचा गंधही नव्हता.

पण योजनेचं नुसतं कौतुक करून मला थांबता येत नाही. हप्ता येतो म्हटल्यावर ती महिना ५०० च्या भिशीत बसली. भिशीची तारीख ठरलेली, दर महिन्याच्या १० ची. हप्त्याची तारीख ठरलेली नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारीचे पैसे थांबले आणि मार्चमध्ये महिला दिनाच्या सुमारास दोन महिन्यांचे एकदम आले. सरकारच्या हिशेबात काहीच चुकलं नाही, ३००० चे ३००० पोचले. तिच्या हिशेबात मधल्या महिन्याची भिशी गल्लीतल्या एका बाईकडून शेकडा ५ नं उसनी घेऊन भरली गेली. उशिरा आलेला हप्ता आधी व्याज खातो आणि मग बाईच्या हाती लागतो. त्यातून नवं काही उभं राहत नाही, जुनं भोक बुजतं.

शेतीच्या पैशाचं तर याहून वाईट. पीएम किसानचा हप्ता दर चार महिन्यांनी यायचा. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या २४ तारखेला एक आला, पुढचा थेट २ ऑगस्टला. पेरणी तोपर्यंत होऊन गेली होती. सासऱ्यांनी बी आणि खत जूनमध्ये कृषी सेवा केंद्रातून उधारीवर उचललं, उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त. ऑगस्टचे २००० दुकानदाराच्या वहीत गेले. तेच जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाले असते, तर रोखीनं बी घेता आलं असतं. रक्कम तीच राहिली असती, फक्त दुकानदारापुढे उभं राहायची पद्धत बदलली असती. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, त्यांच्याही कपाशीत पाणी साचलं. ऑक्टोबरमध्ये सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० त्यातच होते. गावात तलाठ्याची यादी, यादीतला विशिष्ट क्रमांक, तो घेऊन सेवा केंद्र, पुन्हा अंगठा.

पैसा कुठून येतो, हेही बोललं पाहिजे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी तिकडे वळवला गेला आणि संभाजीनगरचेच आमदार व सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. मुकुंदवाडीतल्या ज्या मुलीला आईच्या १५०० तून वही मिळते, तिच्याच वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा पैसा त्यासाठी आटता कामा नये. दोन्ही तिच्याच हक्काचे आहेत.

२०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार ओटीपीनं जुळवायचा. अपात्र नावं गाळायला तपासणी हवी, हे मला मान्य आहे. पण त्यात आमच्या केंद्रावर सगळ्यात जास्त अडकल्या त्या सरळ-साध्या बायका. परित्यक्ता असलेली एक जण विचारत होती, ज्या माणसानं बारा वर्षांत तोंड दाखवलं नाही, त्याच्या मोबाइलवरचा आकडा मी कुठून आणू? पुढे विधवा आणि एकट्या बायकांसाठी सवलत आली, मुदतही वाढली, पण मधले दोन महिने त्यांची झोप उडाली होती. शेळीवालीच्या नवऱ्याचा आधारला जोडलेला नंबर जुनाच होता, सिम कधीच बंद. दोघांनी खाडा केला, आधार केंद्रात ७५ रुपये भरून नंबर बदलला. त्याची दिवसाची मजुरी गेली आणि तिच्या दोन घरांनी त्या दिवसाचे पैसे कापले.

केवायसी झाली. पुढच्या हप्त्याला ती आली, अंगठा तिसऱ्या बोटाला लागला, पंधरा नोटा मोजून घेतल्या. थोरल्याला दहावीनंतर आयटीआयला घालायचं आहे, फिटरला. प्रवेशाच्या वेळी दोन बोकड विकायचे, असं सासूशी ठरलं आहे. भिशीत तिनं स्वतःचा नंबर मुद्दाम जूनचा मागून घेतला, प्रवेश आणि पेरणी दोन्ही त्याच महिन्यात येतात म्हणून. जाताना तिनं केंद्रातल्या मुलाला विचारलं, "या महिन्याचे किती तारखेला पडतील, काही लिहून आलंय का?" लिहून काही आलेलं नव्हतं. त्यानं तिचा नंबर वहीत टिपून घेतला, पैसे पडले की फोन करतो म्हणाला.