सहा महिने, परका देश आणि सोबतिणी



शिकायला परदेशी जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? शहरातली तरुण मुलगी, हातात पदवी, तोंडात इंग्रजी. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या बाया अगदी वेगळ्या आहेत. पुष्कळजणी चाळिशी-पन्नाशीच्या, काही तर नातवंडं असलेल्या आज्या. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून, आणखीही देशांतून शिकायला आल्या, आणि आल्या कुठे? आपल्याच भारतात, राजस्थानातल्या तिलोनिया नावाच्या खेड्यात.

अजमेर जिल्ह्यातल्या या गावात बंकर रॉय यांनी १९७२ साली एक संस्था सुरू केली. पुढे ती 'बेअरफूट कॉलेज', म्हणजे अनवाणी माणसांचं कॉलेज, या नावाने ओळखली जाऊ लागली. परदेशातल्या बायांच्या तुकड्या इथे सहा महिने राहायच्या. सौर दिव्याची यंत्रणा जोडायची, बसवायची आणि बिघडली तर दुरुस्त करायची, हे शिकून जायच्या. येण्याजाण्याचा आणि शिक्षणाचा खर्च भारत सरकारच्या योजनेतून व्हायचा.

तुम्ही म्हणाल, आज्याच का? संस्थेचा अनुभव असा, की तरुण पोरांना शिकवलं तर ते दाखला घेऊन शहराची वाट धरतात. आजी कुठे जाणार? तिचं घर, तिची माणसं गावात. ती शिकली की विद्या गावातच राहते.

आता भाषेचं बघा. एक स्वाहिली बोलते, दुसरी फ्रेंच, तिसरी स्पॅनिश, आणि शिकवणारी हिंदी. मग शिकायचं कसं? हाताने दाखवून, खुणा करून, तेच काम पुन्हा पुन्हा करून. आणि रंगांवरून. विजेच्या पाटीवर रेझिस्टर नावाचा एक बारीक भाग असतो. त्यावर रंगीत पट्टे असतात. तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन, नारिंगी म्हणजे तीन. अंक वाचता आला नाही तरी रंग ओळखता येतोच. लुगड्याचा रंग सांगायला कधी शाळा लागली आहे का आपल्याला?

शिकवणाऱ्याही बहुतेक खेड्यातल्याच बाया, फारशा न शिकलेल्या. डोक्यावर पदर आणि हातात सोल्डरिंगची कांडी. दूर देशाहून आलेल्या बाईने हे पाहिलं की तिला वेगळं काही सांगावं लागत नाही. हिला जमतं तर मला का नाही जमणार, हे तिचं तिलाच कळतं.

म्हणून हे सोपं होतं असं समजू नका. अनोळखी जेवण, अनोळखी हवा, घरची आठवण. अशा वेळी सोबतिणी लागतात. पुष्कळदा एका गावातून दोघी यायच्या, म्हणजे मन मोकळं करायला आपल्या बोलीतलं माणूस जवळ असायचं. बाकीच्यांशी बोली जुळत नसली तरी हसणं, गाणं, एकमेकींच्या हातातलं काम सावरणं, याला भाषा लागत नाही.

खरी परीक्षा मात्र घराकडून येते. जॉर्डन देशातली रफिया, चार मुलींची आई, तिलोनियाला शिकायला आली. तिच्यावर 'सोलर मामाज' नावाचा माहितीपट २०१२ साली निघाला. शिक्षण चालू असतानाच नवऱ्याने मुली काढून घेण्याची धमकी दिली. तिला अर्ध्यातून घरी जावं लागलं. पण ती परत आली आणि शिक्षण पुरं केलं. विचार करा, तारा जोडणं तिला जड गेलं नव्हतं. जड गेला तो घरचा उंबरा.

परतल्यावर काय व्हायचं, तेही ऐका. गावाची समिती असायची. घरोघरी रॉकेल, मेणबत्त्या आणि बॅटरीच्या सेलवर जेवढे पैसे जायचे, त्या अंदाजाने दरमहा वर्गणी ठरायची. त्यातून दुरुस्ती करणाऱ्या बाईला मोबदला मिळायचा. म्हणजे गाव तिला नुसतं पाठवून मोकळं होत नव्हतं. तिच्या विद्येची किंमतही मोजत होतं.

मैत्रिणींनो, आपल्याला परदेशी जायला नको. तालुक्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण निघालं तरी किती घरांत कुरबुर होते, हे आपण जाणतो. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. एकीऐवजी दोघींना पाठवता येईल का? त्या गेल्यावर त्यांची लेकरं, म्हातारी माणसं आणि गुरंढोरं कोण बघेल? आणि शिकून आल्यावर त्यांना काम आणि कामाचे पैसे गट कुठून देईल?

या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असली, तर घरी विषय काढायला ती बाई एकटी नसेल. आख्खा गट तिच्या बाजूने उभा असेल.